मुकादमाची जर्मनची थाळी

मांजरीच्या भातातलं एक बोट मी आजही आधी स्वतः चाखते, आणि माझ्या लेकीला त्याची शिसारी येते. ती कॉलेजात शिकते, मांजरीचं दर महिन्याला वजन करते, बाजारातून पुड्या आणते आणि पुड्यांवरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचते. "मम्मी, मांजराचं खाणं कोणी चाखतं का?" असं ती विचारते तेव्हा मी चूळ भरते. तिचं खरं आहे. पुडीवर सगळं लिहिलेलं असतं. पण माझं बोट आपोआप वाटीत जातं, आणि पन्नाशीला आलेलं बोट आता कोण सुधारणार? ही सवय मुळात माझी नाही, माझ्या मायची. ती मला कशी लागली ते एकदा नीट सांगून टाकायचं आहे. त्यात माझी एक चूक आहे, आणि त्या चुकीबद्दल मी आजवर सासरच्या घरात कोणाजवळ बोललेले नाही.

आम्ही तेव्हा पांढरकवड्याच्या अलीकडे, हमरस्त्याला लागून असलेल्या एका जिनिंगच्या आवारात राहायचो. बाबा तिथे फिटर होते, म्हणून आम्हाला दोन खोल्यांचं टिनाचं क्वार्टर मिळालेलं. हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग फाटकापासून पार पुलापर्यंत लागे. मशिनी सुरू झाल्या की घरातली भांडी मांडणीवर बारीक थरथरत, आणि आम्ही सगळे एकमेकांशी ओरडून बोलायचो. ती सवय अंगात इतकी मुरली होती की लग्नानंतर महिनाभर सासूबाई मला भांडखोर समजत होत्या. हवेत रुईचे तंतू उडत. ते वरणात पडत, पिठात पडत, वेणीत अडकत. बाबा जेवताना जिभेवरून एकेक तंतू काढून ताटाच्या काठाला चिकटवून ठेवायचे आणि म्हणायचे, "लोक कापूस नेसतात, आपुन खातो." दिवसातून तीनदा भोंगा वाजे. सकाळचा आणि दुपारचा भोंगा मजुरांचा. संध्याकाळी पाचचा भोंगा मात्र मायचा होता, कारण तेव्हा ती जनावरांना वाढायला बाहेर यायची.

जनावरं आमची नव्हती, आवाराची होती. आमची म्हणावी अशी एकच, पिंजी नावाची पांढरी मांजर. पिंजलेल्या रुईच्या ढिगात सापडली म्हणून पिंजी. ती घराबाहेर पाऊल टाकत नसे. बाहेरच्या मांजरी सात-आठ होत्या आणि त्यांच्यात कानतुट्या नावाचा एक बोका होता, ज्याचा डावा कान कुठल्यातरी मारामारीत गेला होता आणि ज्याचा उरलेला कान मायचा आवाज ओळखायला पुरेसा होता. कुत्री पाच. त्यांतला सगळ्यात मोठा, तांबूस, रुंद छातीचा, तो मुकादम. मजूर कापूस वाहायला लागले की हा त्यांच्या मागे मागे सावकाश फिरायचा आणि कोणी बसलेला दिसला की त्याच्यासमोर जाऊन उभा राहायचा. ते नाव त्याला मजुरांनीच दिलं होतं, आणि खरा मुकादम त्यामुळे कायमचा चिडलेला असे.

या सगळ्यांना वाढायची मायची एक पद्धत होती, आणि ती मोडायची कोणाची टाप नव्हती. पिंजीला दिवसातून तीनदा, पण चिमटीभर. बाहेरच्या मांजरींना एकदाच, संध्याकाळी, पण पोटभर. मी एकदा विचारलं की हा भेदभाव काहून, तर म्हणाली, "घरातलीले भूक नसते व, सवय असते. जास्त घातलं त लठ्ठ होईन अन् उंदीर पाहून जांभया देईन." बाहेरच्यांचं जेवण भिंतीवर, छपराच्या फुटक्या कवेलूंच्या तुकड्यांवर, प्रत्येकीचा तुकडा वेगळा. कुत्र्यांचं जेवण खाली, पाच जागी, एकमेकांपासून दहा-दहा पावलं लांब. आधी मुकादमाला, कारण त्याच्या आधी कोणाला वाढलं तर भांडण ठरलेलं. त्याची ताटली म्हणजे बाबांची जुनी, चेमटलेली जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची थाळी. ज्वारीच्या कण्या शिजवून पातळ करायच्या, त्यात ताक, असलंच तर भाकरीचा चुरा. बाजारातून मासळीची डोकी आणली तर ती बिनमिठाची उकडून, काटे काढून मांजरींना. सुकट असली तर तिचं मीठ जावं म्हणून तीन पाण्यांतून धुऊन. कांदा कोणालाच नाही. कोंबडीची हाडं तर कुत्र्याला दाखवायचीसुद्धा नाहीत. पाणी जेवणापासून लांब, फुटक्या रांजणाच्या बुडात, कारण मांजर ताटाजवळचं पाणी पीत नाही असं तिने पाहून ठेवलं होतं. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. ती तिसरीतून शाळा सुटलेली बाई. ती फक्त पाहायची, आणि पाहिलेलं विसरायची नाही. आणि वाढायच्या आधी प्रत्येक गंजातलं, म्हणजे पातेल्यातलं, एक बोट ती स्वतःच्या तोंडात घालायची. मी नाक मुरडलं की म्हणायची, "त्याईले बोलता येते काय? खारट झालं, पोळलं, त सांगन कोन?"

मग ती वाईट वर्षं आली. बोंडं झाडावरच किडली, उरलेल्या कापसाला कोणी विचारेना, आणि रांग आधी पुलापासून मागे सरली, मग फाटकापर्यंत आली, मग दिसेनाशीच झाली. गावागावांतून ज्या बातम्या यायच्या त्या बाबा आमच्यासमोर बोलत नसत, ते फक्त रेडिओ बंद करायचे. एका सोमवारी मालकाचा माणूस आला, मशिनींना ताडपत्र्या बांधल्या गेल्या, मजूर आपापली बोचकी घेऊन निघून गेले, आणि बाबांना राखणदार म्हणून ठेवलं गेलं. घरातली भांडी थरथरायची थांबली. पहिल्या दिवशी आम्ही सगळे कुजबुजत बोललो. एवढी शांतता आम्हाला झेपेना.

त्या दिवशी संध्याकाळी भोंगा वाजला नाही. भोंगा वाजवणाराच नव्हता. माय चुलीपाशी बसून राहिली होती, काहीतरी विसरल्यासारखी. मी दारात गेले आणि तिथेच थिजले. भिंतीवर सगळ्या मांजरी येऊन बसल्या होत्या, आपापल्या कवेलूसमोर. कुत्री आपापल्या जागी, दहा-दहा पावलांवर, शेपट्या मातीवर आपटत. मुकादम पुढे, थाळीच्या जागेपाशी, बसलेला. एकही भुंकत नव्हतं. मी आत जाऊन बाबांच्या मनगटावरचं घड्याळ पाहिलं, आणि पाच वाजले होते. आम्ही इतकी वर्षं समजत होतो की ही जनावरं भोंग्याला येतात. बाबा बाहेर आले, त्यांनी टोपी काढली आणि डोकं खाजवत उभे राहिले. माय आली, पदर तोंडाला लावून एकेकाकडे पाहत राहिली. "पाह्य व माय," ती स्वतःशीच म्हणाली, "कोन सांगतलं याईले?"  मी नंतर मोठमोठ्या गोष्टी पाहिल्या, समुद्र पाहिला, विमानात बसले. पण त्या संध्याकाळी भिंतीवर शिस्तीत बसलेल्या त्या उपाशी मांजरी पाहून मी जेवढी चकित झाले, तेवढी पुन्हा कधी झाले नाही.

त्या दिवसापासून सगळा भार मायवर आला. आधी मजुरांच्या डब्यांतलं उरलेलं यायचं, ते बंद झालं. हायवेवरचे ट्रकवाले थांबायचे, तेही कमी झाले. मायने पद्धत मोडली नाही, वेळ चुकवली नाही, पण कण्या पातळ होत गेल्या. कुत्र्यांच्या बरगड्या दिसायला लागल्या. मुकादम जास्त खाणारा, त्यामुळे तो सगळ्यांत आधी खंगला. माझा त्याच्यावर फार जीव. मी नववीत होते, शाळेतून येताना तो मला पुलापर्यंत आणायला यायचा आणि माझ्या पुढे चालत घरी न्यायचा, जणू मी हजेरीवरची मजूर आहे. त्याची पाठ हाताला टोचायला लागली तेव्हा मला रडू यायचं.

आणि मग मला अक्कल सुचली. आवाराच्या मागे तेलघाण्याच्या शेडात सरकीच्या ढेपेची काही पोती उरली होती. सरकीतून तेल निघाल्यावर जी पेंड उरते ती ढेप, आमच्याकडे घरोघर ढोरांना घालतात. मागच्या वस्तीतल्या पार्वताकाकू कायम सांगायच्या, "मुठभर ढेप घाल, म्हैस महिन्यात आंग धरते का नाई पाह्य." त्यांची म्हैस खरोखर तुकतुकीत होती. कापसाच्या मुलखात वाढलेल्या मुलीला याहून काय पुरावा हवा? जे म्हशीला चांगलं ते मुकादमाला चांगलं. मायला विचारलं असतं तर ती म्हणाली असती की शेडातल्या वस्तूला हात लावायचा नाही, म्हणून विचारलं नाही. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, खिरीचं पातेलं घासता घासता मी ठरवलं, आणि पहाटे माय पाण्याला गेली असताना मूठभर ढेप भिजवून, कुस्करून, त्यात माझ्या भाकरीचा तुकडा मिसळून फाटकापाशी जर्मनच्या थाळीत घातली.

तो दिवस मला अजून दिसतो. मुकादम आनंदाने आला. त्याने थाळीत नाक घातलं, आणि दोन पावलं मागे सरला. पुन्हा वास घेतला. मग त्याने मान वर करून माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी त्याच्यासमोर उकिडवी बसले आणि म्हणाले, "खा रे, चांगलं हाय. ताकद येते." त्याने आणखी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं, आणि मग खाल्लं. सगळं खाल्लं, थाळी चाटून. मला इतका आनंद झाला म्हणता! उरलेला चुरा मी भिंतीवर कानतुट्यासमोर ठेवला. त्याने हुंगला आणि पंजाने भिंत खरवडायला लागला, घाण झाकायला खरवडतात तसा, आणि शेपटी वर करून निघून गेला. मी मनात म्हटलं, मांजराची जातच माजोरी.

महिनाभर रोज पहाटे मी हे करत होते. आणि माझ्या डोळ्यांसमोर मुकादमाचं पोट भरायला लागलं. गोल झालं. बाबा म्हणाले, "मुकादम सुधरला हं." पार्वताकाकू म्हणाल्या. ट्रकवाला म्हणाला. मी आतल्या आत फुशारून जायचे. वाटायचं, आणखी थोडे दिवस, मग मायला सांगू की हे सगळं मी केलं.  माय मात्र संध्याकाळी वाढताना त्याच्याकडे डोळे बारीक करून पाहत राहायची. एकदा म्हणाली, "पोट वाढलं, पन पाठ काहून नाई भरली? अन् फाटकापासून इथवर आला त थंडीच्या दिवसात धापून राह्यला." मी म्हटलं, म्हातारा झाला असेल. ती म्हणाली, "म्हातारपन महिन्यात येते काय?"

आणि एका संध्याकाळी पाच वाजता सगळे आले, मुकादम आला नाही. त्याची जागा रिकामी. बाकीची चार कुत्री जेवायला सुरुवात करेनात, कारण पहिला घास त्याचा. माय गंज खाली ठेवून फाटकाकडे गेली, मी तिच्या मागे. तो फाटकाच्या सावलीत आडवा पडलेला होता. पोट नगाऱ्यासारखं, आणि श्वास असा, की प्रत्येक श्वास त्याला कुठून तरी ओढून आणावा लागत होता. मायला पाहून त्याने शेपटी एकदा हलवली. शेजारी त्याची जर्मनची थाळी पडली होती, सकाळची. मी घाईत धुवायला विसरले होते. मायने ती उचलली, काठावर वाळलेलं काहीतरी बोटाने खरवडलं, आणि नेहमीप्रमाणे बोट तोंडात घातलं.

 ती थुंकली आणि म्हणाली, "कुंदे, याच्या थाळीत सकाळी ढेप कोन घालते?"

"मी."

"कवापासून?"

"पौर्णिमेपासून."

"पह्यल्या दिवशी थो वास घेऊन मांग सरला असन."

"हाव." मी मान डोलावली.

"अन् मंग तुह्या तोंडाकडे पाह्यलं असन."

मी खाली पाहिलं.  माय मला मारेल असं वाटत होतं, आणि मारावं असंही वाटत होतं. तिने एवढंच विचारलं, "तू चाखलं होतं?" मी मान हलवली, नाही. ती उठली आणि बाबांना हाक मारत गेली.

बाबांनी सायकल काढली आणि पांढरकवड्याहून ढोरांच्या दवाखान्यातल्या ओळखीच्या ड्रेसरकाकांना घेऊन आले. त्यांनी त्याच्या छातीला कान लावला, पोट दाबून पाहिलं, आणि मी काय केलं ते ऐकून माझ्यावर न रागावता म्हणाले, "पोरी, सरकीत एक जहर असते. मोठी म्हैस थे पचवते, तिच्या पोटाची रचना येगळी. कुत्र्याले नाई पचत. थोडं थोडं साचते, छातीवर बसते, अन् पोटात पानी भरते. हे लठ्ठ नाई झालं, हे पानी हाय." त्यांनी पाणी उतरायचं इंजेक्शन दिलं, ढेप बंद करायला सांगितली. वाचेल का, असं मी विचारलं. "खाल्लं त वाचन," ते म्हणाले.

पण तो खाईना. पहिल्या दिवशी मायने ताकातल्या कण्या नेल्या, त्याने तोंड फिरवलं. बाबांनी भाकरी दुधात कुस्करून नेली, नाही. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या ट्रकवाल्याने ढाब्यावरून मटणाचा तुकडा आणला, धुऊन, त्याच्या नाकाशी धरला. त्याने डोळे मिटून घेतले. बाकीची कुत्री दोन्ही दिवस अंधार पडेपर्यंत त्याची वाट पाहत थांबली आणि मगच त्यांनी खाल्लं. मी फाटकाजवळ गेलेच नाही. मी क्वार्टरच्या खिडकीतून पाहायचे. मला वाटायचं, माझ्या हातचं खाऊन त्याची ही दशा झाली, आता त्याने माझं तोंड तरी का पाहावं? पिंजी माझ्या मांडीवर येऊन बसायची आणि मी तिला ढकलून द्यायचे. त्या दोन दिवसांत मला पहिल्यांदा कळलं की जनावर आपल्या हातचं खातं म्हणजे काय करतं. ते वासावर विश्वास ठेवत नाही, स्वतःच्या नाकावर ठेवत नाही, आपल्यावर ठेवतं. कानतुट्याने ठेवला नाही आणि तो वाचला. मुकादमाला वासावरून सगळं कळलं होतं, तरी त्याने खाल्लं, कारण मी म्हणाले होते, चांगलं हाय. एवढी मोठी गोष्ट माझ्यासारख्या पोट्टीच्या हातात कोणी दिली, आणि मी ती कशी वापरली, याचा विचार केला की आजही मला बसल्या जागी घाम फुटतो.

तिसऱ्या दिवशी पाच वाजता सगळी जनावरं आपापल्या जागी येऊन बसली. मायने कण्या उतरवल्या, बाकीच्यांचं त्यांच्या जागी वाढून ठेवलं, जर्मनची थाळी राखेने घासून लख्ख केली, त्यात दोन पळ्या घातल्या आणि थाळी माझ्यासमोर धरली.

"तू ने."

"माय, माह्या हातचं नाई खाणार थो."

"थे त्याले ठरवू दे. तू ने."

क्वार्टरपासून फाटक शंभर पावलांवर असेल. मी थाळी दोन्ही हातांनी धरून चालत होते, आणि मांजरींची, कुत्र्यांची, मायची नजर माझ्या पाठीवर होती. आज कोणी म्हणेल की तिसऱ्या दिवशी औषध लागू पडलं असेल, भूक परतायची वेळच ती असेल. माझी लेक तर हेच म्हणेल. म्हणू दे. मी त्याच्यासमोर उकिडवी बसले, त्या दिवशी बसले होते तशीच, आणि थाळी खाली ठेवली. त्याने डोळे उघडले. थाळीचा वास घेतला नाही. थाळीकडे पाहिलंही नाही. मान उचलायला त्याला फार कष्ट पडले, पण त्याने उचलली आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं, त्याच नजरेने, जणू मधल्या त्या सगळ्या ढेपेच्या पहाटा कधी झाल्याच नव्हत्या.

 खा रे म्हणायचा मला अधिकारच राहिला नव्हता. मग मी बोट थाळीत घातलं. चांगला बोटभर घास घेतला आणि तोंडात घातला. मीठ नव्हतं. पोळत नव्हतं. कण्या मऊ होत्या, ताक किंचित आंबट होतं. डोळ्यांतलं पाणी ओठांवर येत होतं, त्यामुळे थोडं खारट लागलं, पण ते माझं होतं.

मी गिळेपर्यंत तो थांबला. मग त्याने मान खाली घातली आणि खायला लागला, आणि मागे भिंतीपाशी बाकीची चारही कुत्री आपापल्या जागी खायला लागल्याचा आवाज आला.